शून्य कचरा, १,४९९ फक्त

भाच्याने पाठवलेली जाहिरात पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती एखाद्या आश्रमाची वाटली. सजग, शाश्वत, जबाबदार, निसर्गाशी एकरूप असे सगळे शब्द ओळीने मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या खाली प्रसादासारखे १,४९९ रुपये. मग कळलं, ट्रेक आहे. शनिवारी सकाळी कळसूबाई, रात्री भंडारदऱ्याला काजवे. प्रवासाच्या धुराची भरपाई म्हणून प्रत्येकाच्या नावे एक झाड लावणार होते. कुठे लावणार ते लिहिलं नव्हतं, पण फोटो होता. निलगिरीचा.

"मामा, तू ये ना. तुला सदराला विषय मिळेल," भाचा म्हणाला. सदर लिहिणाऱ्याला दरीत ढकलायला एवढं वाक्य पुरतं.

आमच्या तरुणपणी जबाबदार ट्रेक नव्हते, हे आधीच कबूल करतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून हलकी वस्तू खाली टाकली की वाऱ्याने ती पुन्हा वर येते, हे आम्ही चुरमुऱ्यांच्या रिकाम्या पिशव्या टाकून वारंवार सिद्ध केलं होतं. केलेला कचरा ज्याचा त्याला साभार परत करणारा दुसरा कडा माझ्या पाहण्यात नाही.

शुक्रवारी रात्री पुण्यातून दोन बस निघाल्या. माणसं ऐंशी. प्रत्येकाला एक संच मिळाला: प्लास्टिकच्या वेष्टनात बांबूचा टूथब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, सूर्यप्रकाशावर चालणारी टॉर्च आणि 'मी माग ठेवत नाही' असं छापलेला टी-शर्ट. कळसूबाईवर स्ट्रॉने काय प्यायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नारायणगावच्या आसपास मी लीडरला विचारलं, राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात आयोजकाने नोंदणी करायची असते, ती झाली का? "प्रक्रियेत आहे," तो म्हणाला. आपल्याकडे प्रक्रियेत असलेल्या गोष्टी झालेल्या गोष्टींपेक्षा जास्त टिकतात.

कळसूबाई १,६४६ मीटर. राज्यात याहून उंच शिखर नाही, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येकाला ते एकदा पायाखाली घालायचं असतं आणि बहुतेकांना ते शनिवारीच जमतं. लोखंडी शिडीपाशी रांग तुंबली. तेवढ्यात लीडरने व्याख्यान उरकलं: पाऊलखुणांशिवाय मागे काही ठेवू नका. पण इथे खरी भानगड पाऊलखुणांचीच होती. रांगेला कंटाळलेला माणूस वाटेच्या कडेने चढतो, त्याच्या मागे दहा चढतात. गवत जातं, मुळं उघडी पडतात आणि पहिल्या पावसात तिथली माती खाली बारी गावाच्या दिशेने निघते. पायवाटेचा असा हमरस्ता होतो. व्याख्यान संपायच्या आत आमच्यातले पंधराजण कडेने वर गेले होते. टी-शर्टवरून ओळखू आले.

उतरताना स्वच्छता मोहीम. सहा गोण्या, ऐंशी माणसं आणि फोटोसाठी एक पाण्याची बाटली. लीडरने नवी बाटली नाकारली. जुनी, जरा चेपलेली, मातीत रुतलेली हवी होती. ती हातोहात फिरली. गोण्या मात्र खरोखर भरल्या, त्यात शंका नको. लिंबूपाण्याचे ग्लास, वेफर्सची पाकिटं, कुणाचा तरी सोल निघालेला बूट.

मुक्काम मामांकडे होता. ट्रेकच्या जगात गावातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव मामा असतं. वाट दाखवणारे मामा, चहा देणारे मामा, चुकलेल्याला रात्री शोधायला जाणारेही मामाच. आणि त्यांची बायको मावशी. मामा आणि मावशी हे नात्याने भाऊबहीण लागतात, ही गोष्ट इतक्या वर्षांत एकाही ट्रेकरच्या लक्षात आलेली नाही. माझी पंचाईत वेगळीच. भाच्याने "मामा!" म्हणून हाक मारली की दोन माना वळायच्या. काम असलं तर ते त्यांच्यासाठी असायचं. फोटो असला तर माझ्यासाठी.

बसमध्ये वास येतो म्हणून सहाही गोण्या मामांच्या मागल्या दारी ठेवल्या गेल्या, हिरड्याच्या झाडाखाली. शून्य कचरा झाला. म्हणजे आमच्याकडे झाला.

जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा. पानं पुण्याहून आणलेली: सुपारीच्या झावळीपासून केलेल्या ताटल्या, पर्यावरणपूरक. मामा त्या उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, "आमी पळसाच्या पत्रावळी लावायचो. मग गिराईक म्हणालं, आमटी गळती, थर्माकोलचं आणा. आणलं." २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली, तोवर पत्रावळ्या लावणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते. आता गिऱ्हाईक स्वतःचीच पानं घेऊन येतं. १,४९९ मधले जेवणाचे मामांना माणशी दीडशे मिळतात. बाकीचे, बहुधा, प्रक्रियेत असतात.

मग काजवे.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकडेने घाटघरला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. एका झाडाला पाटी होती: काजव्यांना त्रास होतो, गाडीचे दिवे बंद ठेवा. पाटी अंधारात दिसत नव्हती, म्हणून लोक दिवे लावून ती वाचत होते. लीडरने भोंग्यावरून माहिती सांगितली आणि ती अगदी बरोबर होती, हे त्याच्या श्रेयाला लिहून ठेवतो. काजवा अळी असतो तेव्हा महिनोन्महिने मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर हाती उरतात फार तर दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नराने चमकत हिंडायचं, मादीने पानावर किंवा गवतात बसून चमकून उत्तर द्यायचं आणि त्याने ते उत्तर ओळखायचं. आजूबाजूला उजेड असला तर त्याला ती दिसत नाही. मिळून दोन-तीन आठवड्यांचा संसार, त्यातले सगळे शनिवार-रविवार आमचे. आणि ती खाली गवतात बसलेली असते, जिथे ऐंशी माणसं फोटोसाठी कोन शोधत होती.

फोटो कुणालाच मिळाला नाही. मोबाइलमध्ये काळं चौकोनी चित्र येत होतं. म्हणून लोकांनी व्हिडिओ काढला. त्यात काळं चौकोनी चित्र हलत होतं. दोन तास अंधाराचं चित्रीकरण करून सगळ्यांच्या बॅटऱ्या संपल्या आणि आम्ही परतलो. मामांच्या घरातल्या एकुलत्या एका प्लगला जत्रा लागली. ओटीवर शंभराचा दिवा होता. त्याखाली लीडर दिवसाचा आढावा घेत होता: सहा गोण्या कचरा, ऐंशी झाडं.

मी मागल्या दारी गेलो. मामा गोण्यांपाशी बसले होते. यांचं पुढे काय होतं, मी विचारलं.

"घंटागाडी काय इथं येत न्हाई, सायेब. लाकडं वली असली की चूल पेटवायला बरं पडतं." पाकिटं त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. बुटाचं काय करावं, याचा विचार चालला होता.

एवढ्यात वीज गेली.

आधी काहीच दिसेना. मग हिरड्याच्या खालच्या फांदीला एक ठिपका लागला, विझला, लागला. मग दहा. मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं झाड एकदम उजळायचं आणि एकदम विझायचं, कुणीतरी श्वास घेतल्यासारखं. खाली, गोण्यांच्या भोवतीच्या गवतातून, एकेक बारीक उत्तर येत होतं.

पुढच्या अंगणात गोंधळ माजला. फोन सगळ्यांचे मेलेले. संचातल्या टॉर्च दिवसभर पिशवीत राहिल्यामुळे त्यांनी ऊन पाहिलं नव्हतं. मी तेवढी माझी सॅकला बाहेरून टांगली होती, वयोमानाप्रमाणे.

"मामा!" भाचा अंधारातून ओरडला. "टॉर्च आहे का?"

"नाही," आम्ही दोघंही म्हणालो.

माझी खिशात होती. त्यांची हातातच होती.