सेट-टॉप बॉक्स महोदयांस वारज्याच्या वर्गणीदाराचे अनावृत पत्र

प्रति,
मा. सेट-टॉप बॉक्स महोदय,
टीव्हीखालचा कप्पा, वारजे माळवाडी, पुणे ४११०५८

विषय : परगावी खेळणारी आपली माणसे घरच्या टीव्हीवर दिसण्याबाबत
संदर्भ : आपल्या कपाळावरचा लाल दिवा

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवतो की, तो वारज्याचा रहिवासी असून केबलचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच, तेही आगाऊ, देत आला आहे. बाह्यवळणावर वाहतूक तुंबते, धरणातून पाणी सोडले की मुठा फुगते, रस्ता खोदला की वायर तुटते आणि दुसऱ्या दिवशी दोन गच्च्यांच्या मधून नवी वायर लोंबू लागते. वर्गणीत मात्र खंड पडलेला नाही. अशा माणसाचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही विनंती.

अर्जदाराला एक खोड आहे. भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यासाठी तो महोदयांना त्रास देत नाही. तो सामना सलूनमध्ये दिसतो, चहाच्या टपरीवर दिसतो, शेजाऱ्याच्या खिडकीतून ऐकूही येतो. त्याला पाहायचा असतो महाराष्ट्राचा रणजी सामना, आणि तोही बाहेरगावचा. शिवाय खालच्या मजल्यावरचा मुलगा विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळतो. तो परराज्यात चढाईला गेला की सगळ्या जिन्याला त्याची काळजी. या दोन गोष्टी सोडल्या तर महोदय जगातले बहुतेक सारे दाखवतात. सापाच्या सूडाच्या मालिका दाखवतात, तमिळ चित्रपट हिंदीत करून दाखवतात, रात्री अकरानंतर गुडघेदुखीचे तेल विकतात.

१५ ऑक्टोबर २०२५ ची सकाळ घ्या. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध महाराष्ट्राचा रणजी हंगाम सुरू झाला आणि फलकावर एकही धाव नसताना तीन गडी बाद झाले होते. पुढे ५ बाद १८. तिथून ऋतुराज गायकवाडने ९१ धावा काढून डाव सावरला. हा प्रसंग माणसाने डोळ्यांनी पाहायला हवा, निदान वैताग तरी नीट करता येतो. अर्जदाराच्या टीव्हीवर त्या वेळी निळ्या पार्श्वभूमीवर एक पाटी होती : हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही, कृपया केबल ऑपरेटरशी संपर्क साधा.

संपर्क साधला. फोन केबलवाल्याच्या पोराने घेतला.

"काका, डबा बंद करून परत चालू करा."
"अरे, डबा चालूच आहे. चॅनेल पॅकमध्ये नाही म्हणतोय."
"मग ते मोठ्या पॅकमध्ये असेल. पण त्याच्यात पण तुमची मॅच लागेल असं नाही सांगता येत. तुम्ही ॲपवर बघा ना."
"मग केबल कशाला घेतलीय?"
"काकूंना मालिका."

पोरगा खोटे बोलला नाही, याची नोंद व्हावी. देशात रणजीत ३८ संघ खेळतात, म्हणजे एका फेरीत १९ सामने, आणि त्यातल्या मोजक्याच मैदानांवर प्रक्षेपणाचा ताफा पोचतो. भारतीय क्रिकेट मंडळाचे देशातल्या सामन्यांचे पाच वर्षांचे हक्क २०२३ मध्ये ५,९६३ कोटींना विकले गेले. त्यात देशी स्पर्धाही होत्या. पण एवढी रक्कम कोणी ओडिशा-रेल्वे सामन्यासाठी मोजत नाही, हे अर्जदारालाही कळते. कळते म्हणून गप्प बसावे, तर मोठमोठ्यांनाही हाच अनुभव. २४ डिसेंबर २०२५ ला विजय हजारे करंडकात रोहित शर्मा जयपूरला सिक्कीमविरुद्ध १५५ धावा करून गेला आणि विराट कोहलीने बंगळूरमध्ये आंध्रविरुद्ध १३१ केल्या. टीव्हीचे कॅमेरे त्या दिवशी अहमदाबाद आणि राजकोटला होते. देशाने रोहितचे फटके पाहिले ते प्रेक्षकांनी फोनवर टिपलेल्या, हलणाऱ्या तुकड्यांत. त्याच वर्षी ३० जानेवारीला कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, तेव्हा यादीत नसलेला तो सामना ऐनवेळी ऑनलाइन दाखवण्याची सोय झाली होती. तो ६ धावांवर त्रिफळाबाद झाला. म्हणजे कॅमेरा नेता येतो. फक्त कोण खेळतो आहे ते पाहून नेतात.

महाराष्ट्राच्या संघाचे या बाबतीत नशीबच थोर. १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता, आणि आणखी बदनामी नको म्हणून पाहुण्यांनी सामनाच सोडून दिला. तेव्हा टीव्हीच नव्हता, तक्रार करायची कोणाकडे? पुढे बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीत समालोचन केले. त्या काळच्या पुणेकराला दिसत काही नव्हते, पण सगळे कळत होते. २०१६-१७ मध्ये मंडळाने रणजीचे सामने त्रयस्थ मैदानांवर घ्यायचे ठरवले. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची अखंड भागीदारी ५९४, आणि पलीकडून दिल्लीच्या ऋषभ पंतचे ३०८. हे सारे पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानात घडते, तर अर्जदार बाह्यवळणावरून सरळ तिथे जाऊन बसला असता. घडले वानखेडेवर.

आता विद्यापीठाकडे. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा, म्हणजे देशातल्या टीव्हीपेक्षा वयाने कितीतरी मोठा. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा अलीकडची. पहिली २०२० मध्ये भुवनेश्वरला झाली, मग बंगळूर, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत, राजस्थान. पाच खेपांत महाराष्ट्राला यजमानपद मिळालेले नाही, तेव्हा आपली मुले कायमच परगावी. त्या पहिल्या स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि पंजाब विद्यापीठ दोघांचीही सुवर्णपदके १७. रौप्यपदके जास्त म्हणून पंजाब पहिले, पुणे दुसरे. इतकी चुरस एखाद्या गाण्याच्या स्पर्धेत झाली असती तर महोदयांनी ती पुनःप्रक्षेपणासह दाखवली असती. वारज्यात ही बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात, आतल्या पानावर सापडली. आणि या स्पर्धेआधीच्या विभागीय फेऱ्या, जिथे खालच्या मजल्यावरचा मुलगा खरा घाम गाळतो, त्या तर कुठल्याच पॅकमध्ये नसतात. त्या वेळी त्याची आई संघाच्या व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲप संदेशाची वाट पाहत कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरते.

महोदय, आपल्या आगमनाच्या वेळी बोलणी वेगळी झाली होती. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात पुणे होते, मुदत ३१ मार्च २०१३. चित्र स्वच्छ दिसेल आणि ग्राहक आपल्याला हवे तेच घेईल, असे सांगून आपल्याला घरात आणले. चित्र स्वच्छ आले, हे मान्य. २०१९ च्या फेब्रुवारीपासून नियामक ट्रायची नवी दररचना आली : १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, एकूण १५३ रुपये ४० पैसे, त्यात शंभर वाहिन्या. पुढच्या वर्षी शंभराच्या दोनशे झाल्या. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची कमाल किंमत आधी १९ रुपये, मग १२, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा १९. एवढे आकडे हलले, पण वांगी घ्यायला गेलेल्याला दोडकी, पडवळ आणि अर्धा डझन लिंबे घेतल्याशिवाय वांगी न देणारा गठ्ठ्याचा धंदा जागचा हलला नाही.

या सगळ्यांत दूरदर्शनच्या काही वाहिन्या सक्तीच्या. आणि अर्जदाराच्या पत्रातला मुख्य मुद्दा इथेच आहे.

१९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांचे वाजले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निकाल देणाऱ्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते, जे निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. पुढे २००७ मध्ये कायदा झाला : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचे आणि जाहिरातींचे उत्पन्न ७५ : २५ असे वाटून घ्यायचे. हेतू असा की ज्याला पैसे परवडत नाहीत त्यालाही सामना दिसावा. मग प्रश्न निघाला की दूरदर्शनची वाहिनी केबलवर सक्तीची असल्याने तो सामना केबलवरही आपोआप फुकट दिसतो, त्याचे काय? २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तेही मिटवले. मिळालेले चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावे. खासगी केबल आणि डीटीएचवर नाही.

निकालातला तर्क चुकीचा नाही, हीच अडचण. ज्याने हक्कांसाठी कोट्यवधी मोजले त्याचा माल केबलवाल्याने फुकट का वाटावा? परंतु त्याचा वारज्यातला परिणाम पाहा. अर्जदाराच्या मेहुण्याचे मुळशीकडे घर आहे. त्याच्या पत्र्यावर फ्री डिशची छत्री आहे. डबा आणि छत्री एकदा विकत घेतली, तेव्हापासून मासिक खर्च शून्य. भारताचा सामना दूरदर्शनवर असला की तो पाहतो आणि चौकार गेला की फोन करतो. इकडे अर्जदार तीच दूरदर्शनची सक्तीची वाहिनी, पैसे भरून, महोदयांमार्फत लावतो, तर तिथे दुसराच कार्यक्रम चाललेला असतो. न भरणाऱ्याला सामना, भरणाऱ्याला पाटी. मेहुणा हे वाक्य लग्नाकार्यात मोठ्याने म्हणतो.

परदेशात तरी सुख असेल, असे वाटून अर्जदाराने ओहायोत शिकणाऱ्या भाचीकडे चौकशी केली. तिथे कॉलेजांचे फुटबॉल सामने म्हणजे शनिवारचा सण; शेजारच्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखावर माणसे बसतात. कोणाचे किती सामने टीव्हीवर यायचे, हे तिथे १९८४ पर्यंत कॉलेजांची एक मध्यवर्ती संघटना ठरवत असे, कारण घरी दिसले तर मैदानात कोण येईल ही भीती. त्या वर्षी ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने निकाल लागला आणि ती मक्तेदारी मोडली. त्यानंतर सामन्यांचा पूर आला आणि केबल कंपन्यांची भांडणेही. ३१ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, फ्लोरिडा आणि युटा यांच्या सामन्याच्या वेळी, ईएसपीएनची मालक डिस्ने आणि केबल कंपनी चार्टर यांचे दरावरून फिसकटले आणि जवळजवळ दीड कोटी घरांत ईएसपीएन बंद पडले. ११ सप्टेंबरला समेट झाला. भाचीचे म्हणणे असे की तिथेही लोक केबल कंपनीला फोन करतात आणि तिथेही पलीकडून बॉक्स बंद करून चालू करायला सांगतात. अर्जदाराला थोडे बरे वाटले.

फरक एवढाच की तिथे कॉलेजचा सामना दाखवायला कंपन्या एकमेकींच्या उरावर बसतात. आपल्याकडे त्या मुलासाठी भांडायला कोणी कंपनी नाही, त्याची आई आहे.

तरी महोदयांनी पुढील विनंत्या आपल्या वरिष्ठांपर्यंत पोचवाव्यात. रणजीच्या प्रत्येक मैदानावर निदान एक कॅमेरा, विकेटच्या मागे, तिपाईवर ठेवून द्यावा. समालोचन नको, नाणेफेकीला सुटाबुटातली माणसे नकोत, ड्रोन नको. अर्जदाराला फक्त चेंडू दिसला तरी पुरे. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्यांपैकी एखादीवर विद्यापीठांचे सामने लावावेत, आणि ते कधी लागणार हे आधी सांगावे. ज्याला वर्षातून चार दिवस एखादी क्रीडावाहिनी हवी आहे, त्याला ती चार दिवसांपुरती विकावी. महिन्याचे उरलेले सव्वीस दिवस त्यावर जे काय लागते, ते त्याला पाहायचे नाही. आणि दूरदर्शनवर फुकट दाखवायचा म्हणून कायद्याने मिळवलेला सामना पैसे भरणाऱ्यालाही दाखवता येईल अशी तडजोड, सरकार आणि हक्कधारक यांनी एकत्र बसून काढावी. त्यासाठी थोडे पैसे वाढले तर अर्जदार देईल. मेहुण्याला तेवढे कळवू नये.

अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे या पत्राला जोडले आहे : मालिकेच्या वेळेत यातले काहीही लावू नये.

कळावे,
आपला,
वर्गणीदार, वारजे

प्रत माहितीसाठी : केबलवाल्याचा पोरगा

ता. क. : चालू महिन्याचे पैसे भरलेले आहेत. पावती अद्याप मिळालेली नाही.