काटा म्हणतो, टाकी भरली आहे

लबक, टेक्सस
गणपती विसर्जनानंतरचा रविवार

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई "जेवलात का?" पासून सुरुवात करते आणि मोदकांच्या उकडीपर्यंत पोचते. त्यात ट्रकचा विषय दर वेळी राहून जातो आणि अण्णा मागून नुसतेच "अन् त्या काट्याचं काय झालं?" असं ओरडत राहतात. काटा दुरुस्त झाला. कसा झाला हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र. आई, मोदक सुखरूप पोचले एवढं वाचून तू पत्र अण्णांच्या हाती दिलंस तरी चालेल.

आधी ट्रकची ओळख करून देते. अकोल्याहून निघून आम्ही पुन्हा कापसातच येऊन पडलो हे तुम्हाला माहीत आहेच. फरक एवढाच की आपली गाठ 170 किलोची आणि इथली 480 पौंडांची, म्हणजे जवळपास 218 किलोची. इथे सगळंच मापाने मोठं. तुमच्या जावयांनी हा ट्रक कापूस पिकवणाऱ्या एका म्हातारबुवांकडून घेतला. वय आमच्या लग्नापेक्षा जास्त. रंग कधीकाळी निळा असावा. इंजिन आठ सिलिंडरचं, 5.7 लिटरचं. अण्णा, तुमच्या एसटीच्या हिशोबात केपीटीएल 51 धरा. म्हणजे दहा लिटरला 51 किलोमीटर, लिटरला जेमतेम पाच, तेही वारा पाठीमागून असेल तर.

असल्या खादाड इंजिनाला एक टाकी पुरत नाही, म्हणून डाव्या-उजव्या अंगाला एकेक टाकी आहे. प्रत्येकी 20 गॅलन, म्हणजे साधारण 76 लिटर. डॅशबोर्डवर एक बटण आहे. ते दाबलं की चासीवरचा व्हॉल्व्ह फिरतो, पेट्रोलची वाट बदलतो आणि त्याच दमात काट्याची तारही दुसऱ्या टाकीला जोडून देतो. काटा मात्र एकच. दोन गावांना मिळून एक तलाठी असावा, त्यातली गत. ज्या गावच्या चावडीत बसला असेल त्याच गावचं दप्तर दाखवणार. आमच्या तलाठ्याचं डाव्या गावचं दप्तर चोख होतं. उजव्या गावात मात्र बारमाही पीक उत्तम! बटण उजवीकडे गेलं की काटा 'एफ'च्याही पलीकडे जाऊन टेकायचा आणि तिथेच मुक्काम ठोकायचा.

म्हातारबुवांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी रविवारी चर्चमधून येताना दोन्ही टाक्या भरतो. काट्याकडे बघायची वेळच आली नाही कधी." जावयांना हे शास्त्रीय वाटलं नाही. त्यांनी संगणकावर तक्ता केला. किती मैल झाले, किती गॅलन जळलं, कुठल्या टाकीतून जळलं, सगळे रकाने रंगीत. फक्त उजव्या टाकीची आरंभीची शिल्लक त्यांनी काट्यालाच विचारून भरली होती.

तर असे आम्ही डॅलसच्या गणपतीला निघालो. अंतर साडेपाचशे किलोमीटर, माझ्या मांडीवर मोदकांचा डबा. लबकचं पठार संपून रस्ता खाली उतरतो तिथे पोस्ट नावाचं गाव आहे. न्याहारीची सीरिअल विकून श्रीमंत झालेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट नावाच्या गृहस्थाने ते 1907 मध्ये वसवलं. त्याच्या गावच्या वेशीवरच आमच्या ट्रकची उपासमार सुरू झाली. इंजिनाने दोन आचके दिले. जावयांनी काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शक्यच नाही, टाकी भरलेली आहे." आणखी दोन आचके. "भरलेली आहे!" ते आता ट्रकला समजावून सांगत होते. चिरंजीवांनी मागच्या सीटवरून हात लांबवून बटण डावीकडे केलं. काही क्षण गेले आणि इंजिनाने पुन्हा सूर धरला. मोदक वाचले, तक्ता मेला.

आई, तुझं इथे संपलं. अण्णा, आता तुमचं.

तुम्ही पहिलं विचाराल, "व्हॉल्व्ह फिरतो का?" फिरतो. उजव्या टाकीवर इंजिन मेलं आणि डावीवर जिवंत झालं, यातच पेट्रोलच्या वाटेचा पुरावा आला. पण काट्याची तार बदलणारे संपर्क व्हॉल्व्हमध्ये वेगळे असतात, त्यांचा भरवसा यावरून देता येत नव्हता.

गॅरेजवाल्याने ट्रकभोवती एक फेरी मारून निकाल दिला: टाकी उतरवा, आतलं फ्लोटचं युनिट नवं टाका, चारशे डॉलरच्या आसपास. जावई खिशात हात घालणार तेवढ्यात मला तुमचं वर्कशॉपमधलं वाक्य आठवलं, "पहिले फुकटाचं पाह्य, मंग सस्त्याचं, मंगच महागाचं." मी म्हटलं, उद्या सांगतो म्हणावं.

फुकटाचं म्हणजे डोकं चालवणं. डाव्या टाकीचं माप बरोबर दिसतं, म्हणजे काटा, फ्यूज आणि काट्यापासून व्हॉल्व्हपर्यंतची तार शाबूत, कारण त्या दोन्ही टाक्यांना सामाईक आहेत. राहिला फक्त व्हॉल्व्हपासून उजवीकडचा मुलूख. आमच्या ट्रकच्या जातीत रिकाम्या टाकीला फ्लोटचं युनिट 0 ओहम दाखवतं आणि भरलेल्याला 90. तार चासीला टेकली तर काटा रिकाम्यावर पडणार आणि कुठेतरी तुटली तर 'एफ'च्या पलीकडे पळणार. आमचा पलीकडे पळतो, म्हणजे कुठेतरी तुटलंय. सगळ्या गाड्यांचं असं नसतं हं. काही जुन्या ट्रकांत उलटा कारभार असतो, रिकामी 73 आणि भरलेली 10. तिथे तार तुटली की काटा रिकामं दाखवतो आणि लोक भरल्या टाकीत पेट्रोल ओतायला जातात. म्हणून आधी आपल्या गाडीचे आकडे विचारायचे.

मग सस्त्याचं. टाकीत मापून पाच गॅलन पेट्रोल टाकलं, म्हणजे काटा पावावर यायला हवा. झाकण घट्ट लावलं, ट्रक मोकळ्या अंगणात आणला आणि सिगार ओढत मार्गदर्शनाला आलेल्या शेजाऱ्यांना कुंपणापलीकडे पाठवलं. अण्णा, पेट्रोलपाशी ठिणगी नको हे तुम्ही ओरडण्याआधीच लिहून टाकते. मी ट्रकखाली, जावई मीटर धरायला, चिरंजीव आत काट्यासमोर बसून धावतं समालोचन करायला. फ्लोटकडे जाणारी तार टाकीपाशी सोडवली आणि किल्ली फिरवून चासीच्या स्वच्छ पत्र्याला टेकवली. आतून आरोळी आली, "पडला, पडला, रिकाम्यावर पडला!" म्हणजे तारही ठीक आणि व्हॉल्व्हचे संपर्कही ठीक.

आता किल्ली बंद करून मीटर युनिटच्या दोन टोकांना लावलं, वीस-बावीस ओहम. नव्वदचा पाव हिस्सा! म्हणजे ज्याच्यासाठी टाकी उतरवणार होतो ते युनिट ठणठणीत. मग मीटरचं एक टोक चासीला लावलं तर मीटर गप्प. चोर सापडला. युनिटची अर्थिंगची काळी तार चासीला ज्या बोल्टने धरली होती, तो बोल्ट बाहेरून शाबूत आणि आतून नुसता गंज. तारेच्या टोकाचं थिंबल हात लावताच हातात आलं. तारेच्या ब्रशने पत्रा चकचकीत घासला, नवं थिंबल, नवा बोल्ट, वर ग्रीसचा हात. खर्च एक डॉलरसुद्धा नाही. किल्ली फिरवली, काटा सावकाश खाली आला आणि पावावर थांबला. कुंपणापलीकडून टाळ्या आल्या, सिगारसकट.

जावयांनी नवा तक्ता सुरू केला आहे. त्यात आता आरंभीची शिल्लक मी सांगते. म्हातारबुवांना कळवलं, तेव्हा ते मनापासून हळहळले. म्हणाले, "इतकी वर्षं भरलेली दिसायची, बरं वाटायचं."

अण्णा, तुम्ही "शाब्बास" म्हणाल ते इथूनच ऐकलं. पण ताई सांगत होती की तुमच्या स्कूटरचा काटा दिवाळीपासून मेलेला आहे, तुम्ही ती हलवून, कान लावून पेट्रोल ओळखता आणि आईला मागे बसवून भर उन्हात रेल्वे पुलापाशी ती बंद पडली. पहिले फुकटाचं पाहा: अर्थिंगचा बोल्ट घासा. तेवढ्याने भागलं नाही तर मग महागाचं करा, पण आईला पुन्हा पुलापासून चालत आणू नका.

बाकी सर्व क्षेम. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
धाकटी