आगाऊ कराची वही कशी ठेवावी

ज्यांचा कर पगारातून परस्पर कापला जातो आणि ज्यांना पगाराखेरीज कवडीची मिळकत नाही, त्यांनी हे मार्गदर्शन वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांच्या वाट्याचा मनस्ताप कंपनीचा हिशेब विभाग भोगतो. हे लिखाण वकील, डॉक्टर, भाषांतरकार, शिकवण्या घेणारे, भाडेकरू ठेवणारे आणि शेअर विकून ते घरी न सांगणारे यांच्यासाठी आहे. वर्षाच्या करातून टीडीएस वजा केल्यावर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त देणे उरत असेल तर तुम्ही पात्र आहात. अर्ज करावा लागत नाही.

पगारदारांतही एक गाफील पोटजात आहे, मुदत ठेववाल्यांची. ‘बँकेने टीडीएस कापला, विषय संपला’ अशी त्यांची श्रद्धा असते. बँक कापते १० टक्के. गृहस्थ बसलेले असतात ३० टक्क्यांच्या पायरीवर. मधल्या २० टक्क्यांचा वाली कोण, हे त्यांना जुलैत कळते, तेही सीएच्या ऑफिसात, चार लोकांसमोर.

साठी ओलांडलेल्या निवासी नागरिकांना, धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर माफ आहे. साठीशांतीचे एवढे लेखी फळ दुसरे नाही. मात्र निवृत्तीनंतर ‘नुसते बसवत नाही’ म्हणून ज्यांनी सल्लागारी सुरू केली, त्यांनी मुकाट्याने वही घ्यावी.

पहिली पायरी भविष्यकथनाची. १५ जूनला, म्हणजे पहिल्या हप्त्याच्या तारखेला, पेरण्या धड झालेल्या नसताना, पुढच्या ३१ मार्चपर्यंत आपल्याला किती पैसे मिळतील हे सांगायचे असते. ज्या माणसाला मागच्या ऑगस्टच्या कामाचे बिल कधी मिळणार हे ठाऊक नाही, त्याच्याकडून सरकारची ही अपेक्षा आहे. यावर सर्वमान्य तोडगा म्हणजे मागच्या वर्षाचा आकडा घ्यायचा आणि थोडा फुगवायचा. किती फुगवायचा, ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची गोष्ट. एक पथ्य पाळावे. मुलीच्या सासरी सांगितलेले आपले उत्पन्न, सोसायटीच्या बैठकीत सांगितलेले उत्पन्न आणि १५ जूनचे उत्पन्न हे तीन आकडे वेगवेगळ्या पानांवर ठेवावेत.

कायद्यालाही आपल्या कुवतीची कल्पना असावी. जूनमध्ये १५ टक्क्यांऐवजी १२ आणि सप्टेंबरमध्ये ४५ऐवजी ३६ टक्के भरले असले तरी तो उशिराचे व्याज लावत नाही. लाभांश, भांडवली नफा आणि लॉटरी आधी कळत नाहीत, हेही त्याला मान्य आहे. ते पैसे हाती आल्यावर उरलेल्या हप्त्यांत कर भरला की चालते. टक्क्यांतली माया मात्र डिसेंबरपासून आटते. तोवर माणसाला स्वतःची मिळकत कळायला हवी, असे त्याचे मत दिसते.

भारतात प्राप्तिकर आणला जेम्स विल्सनने, १८६०मध्ये, सत्तावनच्या उठावानंतर खिळखिळी झालेली तिजोरी सावरायला; त्याच ऑगस्टात तो कलकत्त्यात आजारपणाने वारला, त्यामुळे वर्षअखेरचा घोळ त्याच्या नशिबी आला नाही. उत्पन्न मिळत असतानाच कर भरत जाण्याची पद्धत मात्र १९४४ची, युद्धकाळातली. युद्ध संपले.

आता टक्केवारी. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. नवखा माणूस ही बेरीज करून २३५ टक्क्यांवर येतो आणि घाबरतो. घाबरू नये, हे आकडे चढते आहेत. समजा, वर्षाचा देय कर ८०,००० रुपये आहे. जूनमध्ये १२,०००, सप्टेंबरमध्ये आणखी २४,०००, डिसेंबरमध्ये पुन्हा २४,०००, मार्चमध्ये उरलेले २०,०००. वहीत दोन रकाने करावेत, ‘या वेळी भरले’ आणि ‘आजवर भरले’. एकच रकाना ठेवणारे लोक डिसेंबरमध्ये ६०,००० भरतात, कारण ‘७५ टक्के’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

डॉक्टर-वकिलांपैकी जे मर्यादेत राहून निम्मी जमा हाच नफा असे जाहीर करतात, त्यांना एकच तारीख असते, १५ मार्च. हे लोक इतरांकडे दयेने बघतात. विसरण्याचे प्रमाण त्यांच्यातच जास्त आहे, असे माझे निरीक्षण आहे. चारदा विसरणाऱ्याला निदान सराव तरी होतो.

विसरल्यास काय होते, हे मुलाबाळांसमोर सांगू नये, पण वरच्याच उदाहरणातल्या गृहस्थाने एकही हप्ता भरला नाही असे धरू. पहिल्या तीन तारखांच्या तुटीवर महिना एक टक्का दराने तीन-तीन महिन्यांचे व्याज, शेवटच्या तारखेला एका महिन्याचे: ३६०, १,०८०, १,८०० आणि ८००. एकूण ४,०४०. शिवाय ९० टक्के कर वेळेत भरला नाही म्हणून १ एप्रिलपासून महिना एक टक्का वेगळा. जुलैत भरायला गेला तर चार महिन्यांचे ३,२००. महिना सुरू झाला की तो पूर्ण मोजतात, म्हणून ३० जूनला भरणारा १ जुलैला भरणाऱ्यापेक्षा ८०० रुपयांनी शहाणा ठरतो. आणखी एक खुबी ध्यानात घ्यावी: १५ जूनऐवजी १६ जूनला भरलेत तरी व्याज तीन महिन्यांचेच. उशीर झालाच असेल तर त्या हप्त्यापुरता जीव तोडून धावण्यात अर्थ नाही, चहा घ्यावा.

आता मुख्य विषय. पैसे भरणे अवघड नाही, भरल्याचे लक्षात ठेवणे अवघड आहे.

बहुतेक घरांत ही नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होते. तिथे आधीच दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या आणि संकष्टीचा चंद्रोदय यांची दाटी असते. त्यात १५ सप्टेंबरच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘२४’ असे लिहिले जाते. डिसेंबरमध्ये त्या चोविसाकडे बघून घरात तीन मते पडतात: चोवीस हजार, चोवीस लिटर, किंवा चोवीस तारखेला कोणीतरी येणार होते. इतकेही निभावले असते, पण आर्थिक वर्ष संपते मार्चमध्ये आणि कॅलेंडर उतरते एक जानेवारीला. तीन हप्त्यांचा पुरावा खिळ्यावरून खाली येतो, त्यातली चार पाने फडताळाच्या कप्प्यात अंथरली जातात आणि उरलेली रद्दीत जातात. बँकेने दिलेल्या डायरीचेही हेच. म्हणून साध्या दोनशे पानी वहीचीच शिफारस आहे. ती पाडव्याच्या सुमारास सुरू करावी. एप्रिलच्या सगळ्यात जवळ येणारे नवे वर्ष तेच.

तरुण पिढी मोबाइलवर विसंबते. पैसे भरताच स्क्रीनशॉट काढते. सप्टेंबरमधला स्क्रीनशॉट गणपतीच्या साडेतीनशे फोटोंमध्ये बसतो आणि पुढे ‘स्टोरेज फुल’ झाले की मोदकांच्या फोटोबरोबर उडवला जातो. पीडीएफ उतरवून घेणारे जास्त जबाबदार. त्यांच्या संगणकात ‘चलन’, ‘चलन नवीन’, ‘चलन फायनल’ आणि ‘चलन फायनल हेच’ अशा चार फायली असतात, पैकी दोन महापालिकेच्या मालमत्ता कराच्या.

नक्की काय लिहून ठेवायचे? पैसे जमा झाले की पावतीवर तीन गोष्टी येतात: बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक. तिन्ही मिळून सीआयएन. ही चलनाची जन्मपत्रिका, तिच्याशिवाय रिटर्नमध्ये त्याला कोणी ओळखत नाही. पण त्याआधी, पैसे भरण्यापूर्वीच, प्राप्तिकर खात्याचे पोर्टल एक सीआरएन, म्हणजे चलनाचा संदर्भ क्रमांक, देते. तो लांबलचक आणि भारदस्त दिसतो, त्यामुळे पुष्कळ जण तोच वहीत उतरवतात आणि तृप्त मनाने पोर्टल बंद करतात. मग जुलैत सीएकडच्या आर्टिकलशिपवाल्या मुलाचा फोन येतो.

“काका, डिसेंबरचं चलन पाठवा ना.”

“पाठवलं की तुला परवाच!”

“तो सीआरएन आहे, काका. पैसे भरल्यावर मिळतो तो सीआयएन पाठवा.”

“पैसे भरल्यावर म्हणजे?”

पलीकडची शांतता त्या मुलाच्या प्रशिक्षणाचा भाग असते.

वर्ष निवडण्याचा प्रश्न इतके दिवस फार रंगत असे. कमाईचे वर्ष एक आणि ‘असेसमेंट इयर’ त्याच्या पुढचे, त्यामुळे भल्याभल्यांनी चालू वर्षाचे पैसे मागच्या वर्षाच्या नावे जमा केले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि त्याने ‘टॅक्स इयर’ हे एकच वर्ष ठेवले. चुकण्याची एक हमखास जागा गेली, याची हळहळ वाटणाऱ्यांनी जुन्या वर्षांची थकबाकी भरून बघावी. तिथे ती सोय अजून आहे. प्रकाराचा खणही नीट बघावा: आगाऊ करासाठी १००, वर्ष उलटल्यावर स्वतः हिशेब करून भरायच्या करासाठी ३००. घाईत मोठा आकडा बरा वाटतो, पण तो इथे बरा नसतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळे टिपण. पोर्तुगीज नागरी कायद्याची समाईक मालमत्तेची पद्धत ज्या जोडप्यांना लागू आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न प्राप्तिकरासाठी नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरले जाते. म्हणजे तिच्या दुकानाचा नफा चांगला झाला की यानेही हप्ता वाढवायचा. अशा घरात वह्या दोन लागतात आणि १५ तारखेच्या आदल्या रात्री दोघांचे बोलणे चालू असावे लागते.

वर्ष संपल्यावर वही आणि पोर्टलवरचे सव्वीस एएस, म्हणजे जमा कराचा उतारा, समोरासमोर ठेवावे. तुमच्या वहीत ६०,००० आणि तिथे ३६,००० दिसले तर पोर्टलशी वाद घालू नये. आधी बँकेचे पासबुक बघावे. पैसे गेलेलेच नसतील तर प्रश्न मिटला, भरून टाका. गेले असतील तर पॅन तपासावा. नवऱ्याने बायकोच्या पॅनवर भरलेला कर हा सांसारिक प्रेमाचा पुरावा असला तरी खात्याला तो चालत नाही.

हे सगळे चालू असताना पुन्हा १५ जून येतो. मागच्या वर्षी नक्की किती मिळाले हे ठरायच्या आत या वर्षी किती मिळणार ते सांगायचे असते. यातून सुटायला काही भित्रे लोक मुद्दाम जास्त भरतात आणि परताव्याची वाट बघतात. कमी भरल्यास आपल्याकडून महिना एक टक्का घेणारे सरकार जास्त भरल्यास महिना अर्धा टक्का देते, तेही परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी नसेल तर. पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघून हुरळून जाऊ नये. मूळ रक्कम वेगळी काढावी आणि वर आलेले व्याज वहीत ‘इतर उत्पन्न’ या सदरात मांडावे, कारण त्यावर कर आहे, आणि तो पुढच्या हप्त्यात धरायचा आहे.