तेल किती घातलंस?

चारकोपच्या आमच्या बैठ्या सोसायट्यांत गुपित ठेवणं कुणाला जमलेलं नाही. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने इथे जमीन आखून दिली, रस्ता, पाणी, गटार दिलं आणि सांगितलं, घर तुमचं तुम्ही बांधा. लोकांनी बांधलं. आधी पत्रे, मग स्लॅब, मग मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. पण भिंतीला भिंत लागली ती लागलीच. आमच्या आणि मामींच्या ओट्यामध्ये तर कंबरेएवढीच भिंत आहे. त्यामुळे शेजारी फोडणी कसली बसली हे नाकाला कळतं आणि कुणाला काय लागलं हे कानाला.

तर बातमी अशी, की मामींनी वजनाचं ते केंद्र सोडलं.

"सोडलं म्हणजे? पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरणार होतात ना?"

"भरणार होतंय. शिरा पडो त्यांच्या तोंडार!" मामी एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात. राग आला की वेंगुर्ला बाहेर येतं.

स्टेशनजवळचं ते केंद्र. नाव घेत नाही, अशी केंद्रं इथून दहिसरपर्यंत पैशाला पासरी आहेत. एसी, गुलाबी खुर्च्या, आत गेल्यावर आधी लिंबूपाणी आणि मग काटा. तीन महिन्यांचं पॅकेज, शिवाय पावडरचा डबा वेगळा. हातात एक छापील कागद: सकाळी पावडर, दुपारी उकडलेला दुधी आणि एक फुलका, संध्याकाळी सूप, रात्री पुन्हा पावडर. मामींच्या घरी तेव्हा तीन स्वयंपाक व्हायचे. मामांची बांगड्याची कढी आणि भात, नातवाला काहीतरी चीज घातलेलं, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर मामींचा दुधी. बांगड्याचा वास घेत दुधी खायचा म्हणजे काय याची कल्पना करा.

वजन उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. ब्लाउज सैल झाले, सोसायटीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी विचारलंही. मग पॅकेज संपलं, गणपतीला गावी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा रिक्षातून उतरतानाच मला कळलं. मी काही बोलले नाही. बोलायला ओटा आहेच.

आता ऐका पुढचं. मामींचा भाचा आला होता. आयटीत आहे, अंगाने काडी, पण खाण्याचं सगळं फोनमध्ये लिहितो. त्याने केंद्राचा तो कागद घेतला आणि पदार्थांपुढे आकडे मांडून बेरीज केली. दिवसाच्या नऊशे कॅलरीसुद्धा भरेनात. इतकं कमी खायचं तर डॉक्टरांच्या नजरेखाली खावं, तो म्हणाला. केंद्रात डॉक्टर होते का? एक मुलगी होती पांढऱ्या कोटातली, मामी म्हणाल्या.

"म्हणजे बघ गो. पावडर नव्हतीच ती. उपास होता, उपास! आणि उपासाचे पैसे घेतले मेल्यांनी. एकादशीला आपण कुणाला पैसे देतो?"

मला विचाराल तर मामींनी पैसे पावडरला दिलेच नव्हते. दिले ते सोमवारला. दर सोमवारी कुणीतरी काट्यावर उभं करणार, आकडा मोठ्याने वाचणार, त्या धाकाने आठवडा निघायचा. धाक गेला, वजन आलं. हे काही चारकोपातच होतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची गृहिणी होती, तिला बिस्किटांचं वेड. 1961 साली ती सरकारी मोफत दवाखान्यात गेली, तिथे तिला काय खावं याचा कागद मिळाला. पण घरी बिस्किटं लपवून ठेवते आहे हे तिथे सांगायची चोरी. शेवटी तिने आपल्यासारख्याच सहा लठ्ठ मैत्रिणी घरी बोलावल्या आणि सगळं ओकून टाकलं. त्या पण ओकल्या. दर आठवड्याला बायका वाढत गेल्या, आणि 1963 मध्ये त्या गप्पांची कंपनी झाली, वेट वॉचर्स. 1978 मध्ये ती केचपवाल्या हाइन्झने विकत घेतली. आणि मे 2025 मध्ये हीच कंपनी कर्जापायी दिवाळखोरीच्या कायद्याखाली कोर्टात उभी राहिली.

मी हे मामींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आपण इथे उभ्या राहून बोलतो त्याचे पैसे? मग इतकी वर्षं आपण फुकट कशाला बोलतोय?"

बरं, मोजणं हा आपल्याकडे तसा कुणाचाच धर्म नाही. 2018-19 सालचा दंगा आठवत असेल. अख्ख्या महाराष्ट्रात दोन पक्ष होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच खा, पंचावन्न मिनिटांत आटपा, मध्ये काही नाही. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, आणि सगळं फुकट, व्याख्यानं फुकट, व्हॉट्सअ‍ॅप गट फुकट. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा: थोड्या थोड्या वेळाने घरचं खा, तूप खा, आजी खायची ते खा. आमच्या सोसायटीत तर सत्यनारायणाच्या पूजेला प्रसादाचा शिरा हातात घेऊन भांडणं झाली. दीक्षितवाल्यांचा प्रश्न हा, की प्रसाद हे तिसरं जेवण धरायचं का! पण गंमत बघा, एवढं हाडवैर असून एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. कॅलरी मोजत बसू नका. मामी तेव्हा दोन्ही पक्षांत राहून आल्या. सकाळी दिवेकर, संध्याकाळी दीक्षित. त्याचा काय परिणाम झाला ते सांगायला नको.

आणि आता त्याच मामी मोजायला बसल्या.

भाच्याने फोनमध्ये बंगळुरूच्या कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यात पोहे, उपमा, आमटी सगळं आहे, पण ते विचारतं, 'एक वाटी?' कुणाची वाटी? मामींकडे आमरसाची वाटी आहे, नातवाची चांदीची आहे, आणि आमटीसाठी जी वाटी आहे तिला आम्ही घमेलं म्हणतो. दोन दिवसांत अ‍ॅप बंद, डिजिटल काटा आणला, आणि हिशेब कालनिर्णयवर. जिथे दुधाचा खाडा आणि गॅस लावल्याची तारीख लिहायची त्याच चौकटीत आता आकडे. कालनिर्णय 1973 साली काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, त्यामुळे मामींचा त्यावर सिंधुदुर्गातल्या माणसाचा म्हणून विश्वास.

आकडे आणायचे कुठून, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये तक्ते छापले आहेत, 528 खाद्यपदार्थांचे. भाच्याने ते काढून दिले. पण त्यात मामींचं सांबारं नाही, कढी नाही. तांदूळ आहे, नारळ आहे, मासळी आहे, तुमचं तुम्ही जोडा. वर पुन्हा ऊर्जा किलोज्यूलमध्ये, म्हणजे 4.184 ने भागा. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या. भागाकार नातवाकडून करून घेतात, त्याचाही गृहपाठ होतो.

पण खरी करामत भातात आहे. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तोच तांदूळ शिजला की पाणी पिऊन अडीच-तीनशे ग्रॅम होतो. पहिल्या दिवशी मामींनी ताटातला भात काट्यावर ठेवला आणि कच्च्या तांदळाचा आकडा लावला. एका वेळच्या भातातच दिवस संपला! ओट्यावर येऊन रडवेल्या झाल्या. मग आम्ही दोघींनी मिळून रीत बसवली. कुकरच्या भांड्याचं रिकामं वजन बुडाला मार्करने लिहून टाकायचं. आता मामींकडच्या भांड्यांवर पोटाला कोरलेलं 'सौ. कां. हिस सप्रेम भेट' आणि बुडाला '340 ग्रॅम'. कच्चा तांदूळ आधी मोजायचा, शिजल्यावर भांड्यासकट तोलायचं, भांडं वजा, आणि आपल्या ताटात किती हिस्सा आला तेवढाच आपला. बाकीचा मामांना आणि मुलाला. एकच भात, एकच कढी, कोपऱ्यातली शेगडी बंद. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात मोठी गोष्ट झाली असेल तर हीच. चार माणसं ज्या ताटात जेवतात त्याच ताटात बाईने जेवायचं, फक्त किती ते बघून.

तेलाचं सांगते. मामींच्या घरी पाच माणसं, महिन्याला पाच लिटरचा कॅन. म्हणजे माणशी लिटर, म्हणजे रोज तेहतीस मिलिलिटर, साधारण तीस ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. पावणेतीनशे झाल्या की! तळणीतलं उरलेलं टाकतो म्हणा, ते वजा करा. तरी फोडणीत न दिसता दोन-तीन फुलके रोज पोटात जात होते. मामींनी कॅनच्या तोंडाने धार सोडायचं बंद केलं आणि बरणीत चमचा घातला.

याचा त्रास झाला सूनबाईला. तिने भाजी टाकली की आतून आवाज: "तेल किती घातलंस?" ती मला बसस्टॉपवर भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, लग्न झालं तेव्हा मीठ किती घातलंस विचारायच्या. त्याची सवय व्हायला सहा वर्षं गेली. आता हे." मी दोन्हीकडचं ऐकते आणि दोन्हीकडे मान हलवते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

ओल्या बोंबलाचंही झालं. बोंबलात पाणीच जास्त, त्याच्या कॅलरी नगण्य, मामी आनंदल्या. मग रवा लावून तळला त्याचा हिशेब केला, आनंद ओसरला. आता तव्यावर चमचाभर तेलात करतात. मामा म्हणतात, हा बोंबील आजारी आहे.

सगळ्यांत जास्त सापडलं ते मात्र ताटाबाहेर. मामींनी एक दिवस ठरवलं की तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, जेवण असो की नसो. आमटी चाखली. नातवाने टाकलेला अर्धा पराठा, टाकायचा कसा म्हणून. कढईला लागलेली खरवड. दळण आणायला गेल्या तिथे चहा, माझ्याकडे चहा, भजनी मंडळात चहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हशीचं दूध, सोबत ग्लुकोजची दोन बिस्किटं, एकेक पंचवीसच्या घरातलं. रात्री बेरीज केली तर एक अख्खं जेवण त्या उभ्या उभ्या जेवल्या होत्या, आणि त्यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. केंद्राच्या छापील कागदावर नातवाच्या उरलेल्या पराठ्याला रकानाच नव्हता. तो रकाना आपल्याकडच्या कुठल्या बाईला नसतो सांगा?

एकादशीला तर हद्दच झाली. साबुदाणा शंभर ग्रॅमला साडेतीनशे, शेंगदाणे साडेपाचशेच्या वर, वरून तूप आणि बटाटा. "गो, उपासाच्या दिवशी मी सगळ्यांत जास्त खाते!" मी म्हटलं, मामी, हे देवाला केव्हाच माहीत आहे.

वजन उतरतंय का? उतरतंय, पण केंद्रासारखं धाडकन नाही. महिन्याला किलोभर, कधी तेवढंही नाही. आकडे अंदाजाचेच आहेत, मामींनाही ठाऊक आहे. नारळ किती जून, कढी किती दाट, कोण तोलत बसलंय. आणि हे सगळ्यांनी करावं असंही मी म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरची नववीतली मुलगी मध्यंतरी "आजी, माझ्या डब्यात किती कॅलरी?" असं विचारायला लागली होती. मामींनी तिच्यापुढून काटा उचलला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवला. "तुझे वाढायचे दिवस. तू मोजायचं नाहीस." त्या दिवशी मला मामी पटल्या.

राहता राहिले मामा. मामांचा शनिवारी कार्यक्रम असतो, दोन पेग, एखाद वेळी तिसरा. मामांचं म्हणणं, त्यात तेल नाही, साखर नाही, निव्वळ पाणी आणि बर्फ. पण मद्यार्काच्या ग्रॅमला सात कॅलरी असतात, म्हणजे साठ मिलिलिटरच्या पेगला एकशेचाळीसच्या आसपास, आणि फरसाण-शेंगदाण्याचा चकणा वेगळा. मामींनी काही न बोलता कालनिर्णयवर शनिवारच्या चौकटीत 'मा.' असं लिहून आकडा टाकायला सुरुवात केली. दीड-दोन महिने मामांचं लक्षच नव्हतं. परवा गॅसची तारीख बघायला गेले आणि तिथूनच त्यांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला.

"अगो, संकष्टीच्या चौकटीत माझी क्वार्टर लिवलंस?"

"मग संकष्टीक घेव नका," मामी म्हणाल्या आणि मला विचारलं, "चकण्याची वाटी किती ग्रॅमची धरू गो?"