पंखा तीनवर

मुंबईला जाऊन हॉटेलात राहणं हा आमच्याकडे जवळजवळ कौटुंबिक गुन्हा आहे. मुंबईत माणूस राहत नाही, कुणाकडे तरी उतरतो. गिरगावात आत्या, दादरला मामी, पार्ल्याला मावसबहीण, अशी उतरण्याची ठिकाणं वर्षानुवर्षं ठरलेली. रात्री एकाच खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या पडायच्या, उशिरा आलेल्या पाहुण्याचे पाय ओट्याखाली जायचे. पण ‘जागा नाही’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघायचे नाहीत. नाही म्हणायला क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह होतं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथं उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले तेही तिथंच. लॉजमध्ये राहण्यात कमीपणा नाही, याला इतका भक्कम आधार असताना तो मी मामीला फोनवर ऐकवला. ती म्हणाली, ‘‘टिळकांना दादरला मामी नसेल. इथं आम्ही काय मेलोय का?’’

मामी ठणठणीत आहे, फक्त दादरला नाही. इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून ती ठाण्यात भाड्यानं राहते. आत्याचा मुलगा बदलापूरला, मावसबहीण विरारला. आणि मला सकाळी फोर्टात, विद्यापीठात बैठकीला हजर व्हायचं होतं. बदलापूरहून सकाळच्या लोकलनं सीएसएमटी गाठणं हे ज्यांचं रोजचं त्यांनीच करावं. मुलीनं माझ्या देखत मोबाईलवर काळ्या घोड्याजवळचं एक बुटीक हॉटेल ठरवून टाकलं. ‘‘आई, एक रात्र एकटी राहा. मजा येते,’’ असा वर उपदेश.

या बुटीक प्रकाराची चलती न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली निघालेल्या मॉर्गन्स हॉटेलपासून झाली म्हणतात. खोल्या मोजक्या, सजावट आगळी, आणि पाहुण्याला आपण कुणीतरी खास आहोत असं वाटायला लावायचं. आमच्या हॉटेलात त्यासाठी जुन्या शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा मांडून त्यावर संगमरवराची फरशी टाकली होती. असाच सांगाडा आम्ही गेल्या दिवाळीला भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिला. इथं त्यावर पाहुण्यांनी सही करायची वही होती.

‘‘सोबत कुणी, मॅडम?’’ काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘नंतर कुणी येणार?’’

‘‘नाही.’’

त्यानं संगणकात काहीतरी टिपलं. ते ‘बिचारी’ असावं अशी मला शंका आहे.

खोलीत गेल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पलंगावर एक कार्ड ठेवलेलं. उशी कशी हवी? मऊ, मध्यम, कडक, की मानेला आधार देणारी? मी खाली बसून विचार केला. घरात उशा वाटल्या जातात तेव्हा कापूस गोळा झालेली एक उरते, ती माझी. तो पर्याय कार्डावर नव्हता. चहा कुठला? आसाम, दार्जिलिंग, की नुसता पुदिना? वर्तमानपत्र कुठलं? घरी ते माझ्या हातात येतं तेव्हा शब्दकोडं सुटलेलं असतं आणि पुरवणी बेपत्ता. आयुष्यभर ‘मला काहीही चालतं’ या बिरुदावर आम्ही बायका समजूतदार ठरतो. इथं त्या समजूतदारपणाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

सगळ्यात अवघड गेला पंखा. उंच छत, लांब दांडीचा पंखा, भिंतीवर गोल, जुन्या पद्धतीचं बटण: एक ते पाच. आमच्या घरी पंखा तीनवर असतो. ह्यांना पाच हवा, मला दोन, म्हणून तीन. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं कुणालाच नको असलेल्या वाऱ्यात झोपतो आहोत. आज मैदान मोकळं होतं. मी हक्कानं दोन केला आणि आडवी झाले. पाती इतकी सावकाश फिरत होती की मोजता आली असती. उकडायला लागलं. तीन केला, घरची आठवण आली. शेवटी चोरासारखा पाच केला. अंगावरची चादर फडफडली, कपाळावरचे केस उडाले, आणि फार बरं वाटलं. भांडायला समोर कुणी असलं की माणसाची आवड ठाम असते. समोरचा नसला की ती आपली होती की त्याच्या विरोधात होती, हेच कळेनासं होतं. ही बातमी घरी कळवायची नाही, असं मात्र मी लगेच ठरवलं.

जेवायची वेळ झाली का हे सांगायलाही कुणी नव्हतं, म्हणून भूक लागेपर्यंत बाहेर फिरून आले. जवळच वॉटसन्स हॉटेलची ओतीव लोखंडाची इमारत कशीबशी उभी आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट मुंबईत पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथं. हॉटेलात उतरलेल्यांनी संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न तेव्हाही असणार. पुढं चौकात काळा घोडा. मूळ पुतळ्यात घोड्यावर एडवर्ड राजा होता. १९६५ साली दोघांची रवानगी राणीच्या बागेत झाली. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, तो स्वाराशिवाय. पाठीवर कुणी नाही, लगाम कुणाच्या हातात नाही. आता कुठं जायचं, हे त्याचं त्यानंच ठरवायचं. तरी तो जागचा हललेला नाही, हे पाहून मला जरा धीर आला.

सकाळी नाश्त्याला दोघांचं टेबल मिळालं. वाढणारा मुलगा संगमेश्वरकडचा निघाला. समोरची दुसरी बशी, दुसरा काटा, दुसरा रुमाल त्यानं इतक्या हलक्या हातानं उचलला की जणू तिथं बसणारा माणूस कालपरवाच गेला असावा. ‘‘मिस्टर घरी मजेत आहेत,’’ मी खुलासा केला. तो मोकळं हसला.

‘‘काय आणू, काकू?’’

मी तयारीतच होते. ‘‘कांदेपोहे. शेंगदाणे नकोत, खोबरं भरपूर, लिंबाची फोड वेगळी.’’ इतकं सविस्तर मी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

‘‘पोहे आज नाहीत, काकू. उपमा आहे. चालेल?’’

‘‘नाही चालणार,’’ मी म्हणाले.