खड्डेवाला ठरला

डलूथ, मिनेसोटा
जूनचा पहिला आठवडा

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, खड्ड्याबद्दल तुम्ही व्हिडिओ कॉलवर जे जे विचारलंत ते एकदाचं लिहूनच पाठवते. कॉलवर तुम्ही पायाची खोली विचारता, तेवढ्यात आई म्हणते नातवाला समोर आण, मागून समोरच्या काकू डोकावून "घर झालं का गं?" विचारतात, आणि विषय तिथेच राहतो. काकूंना सांगा, घर झालेलं नाही. खड्डा झालाय. पण इकडे नुसता खड्डा झाला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे.

तुमचा पहिला प्रश्न, तळघर कशाला? तुम्ही विचारणारच, कारण तुमचा अनुभव उलटा. जागतिक बँकेच्या कर्जातल्या त्या योजनेत म्हाडाने गोराईत प्लॉट दिला, नळ-गटाराची सोय दिली आणि घर ज्याचं त्याने बांधा म्हणून सांगितलं. तुम्ही हौसेने पायाचे खड्डे घेतलेत, आणि खाडीला भरती आली की त्यात काळं पाणी चढायचं. मिस्त्री शिव्या घालत डालड्याच्या डब्याने उपसायचा, आई त्याला चहा द्यायची, ओहोटी लागली की काम पुढे. तुमचा वैरी खालून येणारं पाणी. आमचा वैरी वरून उतरणारी थंडी.

इथे हिवाळ्यात जमीन वरून गोठत गोठत खाली जाते. गोठताना खालची ओल वर ओढून घेते आणि मातीत बर्फाचे पापुद्रे धरतात. ते फुगले की वरचं बांधकाम उचललं जातं. सगळं घर सारखं उचललं असतं तर कोणी तक्रार केली नसती. पण एक कोपरा उचलतो, दुसरा जागेवरच, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माती परत बसली की न्हाणीघराचं दार लागत नाही. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. मिनेसोटाच्या नियमात राज्याचे दोन भाग केलेत: दक्षिणेकडे किमान 42 इंच, आणि आमच्यासारख्या उत्तरेकडच्यांना 60 इंच. पाच फूट खणायचंच आहे तर आणखी तीन फूट खणा आणि एक मजला पदरात पाडून घ्या, असा इथला हिशेब. तुमचे जावई म्हणतात, बाबांनी मजला वर चढवला, आपण खाली चढवू.

आता खड्डेवाल्याची चौकशी. आम्ही मुख्य बिल्डर नेमला नाही, एकेक काम वेगवेगळ्या माणसाला देतोय, त्यामुळे हा माणूस आम्हालाच शोधायचा होता.

पहिला आला तो गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून प्लॉटकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. सगळ्यांत स्वस्त. मी विचारलं, निघालेली माती कुठे नेणार? म्हणाला, "माती तुमचीच आहे." म्हणजे नेण्याचे पैसे त्यात नाहीत. खडीचे नाहीत, पायाभोवतीच्या पाणी काढणाऱ्या पाइपाचे नाहीत, दगड लागला तर ब्रेकरचेही नाहीत. आणि दगड इथे लागतोच. सुपीरियर सरोवराच्या काठचा काळा कातळ बघितलात तर तुम्हाला कान्हेरी आठवेल, कारण हाही लाव्ह्याचा बसाल्टच. फक्त आपला सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आणि हा 110 कोटींचा. ज्येष्ठ म्हणून त्याला फोडायचा दर तासावर लावतात.

दुसरा मात्र टॅबलेट घेऊन आला, रंगीत आराखडे दाखवले, आमचं कौतुक केलं, आणि म्हणाला ऑक्टोबरातच खणून टाकतो, बाकी काम हिवाळा संपल्यावर करा. तुमचे जावई खूश. मला मात्र तुमचा नियम आठवला, की उघडा खड्डा आणि उसना पैसा ठेवायचा नाही. इथे तर त्याला शास्त्रही आहे. खड्डा उघडा राहिला की त्याचा तळ हीच नवी जमीन, आणि थंडी तिथून पुढे पाच फूट मोजायला लागते. पाया ज्यावर उभा राहायचा तेच फुगून बसतं.

तिसरा म्हातारा. आला, "हं" म्हणाला, आणि प्लॉटभर एकटाच फिरला. बर्फ वितळल्यावर पाणी कुठून कुठे वाहतं हे विचारलं. एका जागी कुदळीने ढेकूळ काढलं, हातात मळलं, अंगठा आणि बोटामध्ये दाबून त्याची पट्टी काढत गेला. पट्टी लांब निघाली, तुटेना. लाल चिकणमाती. पँटला हात पुसून म्हणाला, मे महिन्याच्या आधी हात लावणार नाही, आणि गोठलेली ढेकळं भिंतीमागे भरून देणार नाही, कारण ती वितळली की भराव खचतो आणि तुमच्या दारापुढची पायरी लोंबकळते. दर पहिल्याच्या जवळपास दीडपट. त्याने आम्हाला काय काय करणार नाही हेच सांगितलं, करणार काय ते कागदावर लिहून दिलं. तुमचा मिस्त्रीही असाच होता. पावसाळ्यात स्लॅब टाकणार नाही म्हणून अडून बसला होता, आठवतं?

काम त्यालाच दिलं. त्याचं कोटेशन तुमच्यासाठी ब्रासमध्ये करून देते, पेन घ्या. घर 30 बाय 40. चारी बाजूंना 3 फूट काम करायला जागा, म्हणजे 36 बाय 46. खोली 8. गुणाकार 13,248 घनफूट, म्हणजे 132 ब्रास. इथे 27 घनफुटांचा यार्ड मोजतात, त्याने सुमारे 490 यार्ड. शिवाय खणलेली माती फुगते, चिकणमाती तर चौथाईने सहज. 12 यार्डांचे डंपर धरले तर पन्नासच्या वर खेपा. कडा ढासळू नयेत म्हणून तिरक्या कापतात, ती माती वेगळी. वरची काळी सुपीक माती बाजूला ढीग करून ठेवायची, ती बागेला.

पैशाची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आम्ही खड्डेवाल्याला पूर्ण पैसे दिले आणि त्याने खडीवाल्याचे थकवले, तर खडीवाला थेट आमच्या घरावर बोजा चढवू शकतो. त्यामुळे प्रत्येक हप्त्याला, "आमचे मिळाले, घरावर हक्क सांगणार नाही" असं लिहून सही घ्यायची. तुम्ही वहीत रेव्हेन्यू स्टँप लावून मिस्त्रीचा अंगठा घ्यायचात तेव्हा आम्ही हसायचो.

भूमिपूजन पाडव्याला झालं हे आईला माहीत आहे. साडेतीन मुहूर्तांतला, त्यामुळे तारखेवर घासाघीस नव्हती. पण मार्चअखेर इथे बर्फ बाजूला केला आणि जावईबापूंनी टिकाव मारला तर ठण्ण आवाज. ओरखडासुद्धा नाही. हे आदल्या दिवशीच बघून ठेवलं म्हणून बरं. म्हाताऱ्याला फोन केला, उद्या सकाळी आम्हाला वीतभर खड्डा पाहिजे, धार्मिक कारण आहे. त्याने काही विचारलं नाही. संध्याकाळी लोखंडी घुमटासारखं एक झाकण आणून जमिनीवर पालथं घातलं, आत गॅसचा बर्नर पेटवला आणि निघून गेला. सकाळी खालची माती मऊ, वाफाळलेली. हळदकुंकू, सुपारी, सगळं यथासांग. नारळ मात्र दुकानातला, शेंडी तासलेला, त्याला निमूट फुटायचं कळलं नाही.

(बाबा, पुढच्या चार ओळी मनात वाचा.) नंतर यांनी त्याला विचारलं, हे झाकण तू एरवी कशाला वापरतोस? तर हिवाळ्यात गावच्या दफनभूमीतले खड्डे तोच खणतो. जमीन गोठली म्हणून माणसं मरायची थांबत नाहीत. त्याच झाकणाखाली आमची सुपारी बसली आहे. जावईबापूंचा निकाल असा की स्मशानातलं शंकराला चालतं. मी यावर अजून मत दिलेलं नाही.

पाडव्यानंतर लगेच काम का नाही, हे तुम्ही रागाने विचारलंत. कारण रस्ता. बर्फ वितळताना रस्त्याखालची माती वरून सुटते आणि खालून गोठलेलीच राहते, पाणी निघायला वाट नसते. त्यावरून भरलेला डंपर गेला की डांबर बसतं. म्हणून दर वर्षी या दिवसांत ट्रकच्या वजनावर मर्यादा घालतात, आमच्याकडे ती मे उजाडला तरी असते. मुंबईत पावसाळ्यात रस्ते खणायला बंदी असते, तसंच समजा. फक्त इथे पाळतात.

खणण्याच्या आधी 811 ला फोन करावा लागतो. फुकट आहे. मग माणसं येऊन जमिनीखाली काय आहे त्याच्या झेंड्या लावून जातात: लाल विजेची, पिवळी गॅसची, नारिंगी टेलिफोन-केबलची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी गटाराची. आईने कॉलवर ज्यांना पताका म्हटलं त्या या. आपल्याकडे कुदळ लागली आणि शेजारच्या घरातले दिवे गेले की कळायचं, इथून लाइन जाते.

खणायला यंत्र पिवळंच आलं. तळाशी आल्यावर म्हाताऱ्याने दातांची बादली काढून सपाट धारेची लावली आणि शेवटचे दोन-तीन इंच साय काढावी तसे काढले. जास्त खणलं गेलं तर वरून माती टाकून चालत नाही, खडी नाहीतर काँक्रीटच भरावं लागतं, म्हणून हा जपून. तिकाटण्यावर लेझर, मोजपट्टी धरलेला पोरगा, आणि पातळी बरोबर आली की टीं टीं. तुमची पाण्याने भरलेली पातळी-नळी मी त्याला मोबाईलवर दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, ही हिवाळ्यात चालणार नाही.

एक मात्र चुकल्यासारखं वाटलं. बघायला कोणी नाही! गोराईत जेसीबी उभा राहिला तर रिक्षावाला रिक्षा थांबवतो, भाजी घेऊन चाललेल्या बायका थांबतात, शाळेची पोरं दप्तरासकट कठड्यावर बसतात, आणि दोघे-तिघे तरी "अजून डावीकडे घ्या" असं सांगतातच. इथे तुमचे जावई रजा काढून एकटे उभे. दुपारी म्हाताऱ्याने यंत्र बंद करून विचारलं, "काही चुकतंय का?" हे म्हणाले, नाही, नुसतं बघतोय. त्याला ते पटलं नाही. दोनदा येऊन लेझर तपासून गेला.



आता मुद्द्याचं. पायाची फूटिंग 20 इंच रुंद आणि 8 इंच जाड धरली आहे. आराखड्यात तीच आहे, इन्स्पेक्टर बघून गेला, पास केलं. तरी हे म्हणतात, बाबांना विचारून घे. काँक्रीटवाला गुरुवारी सकाळी येतोय, म्हणून पत्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. बुधवारी रात्रीपर्यंत कळवा. तुमचा बुधवार, आमचा नव्हे.

तुमची,
लेक