डाव्या करंगळीचा कमांड बटणास अर्ज

प्रति,
मा. कमांड बटण,
मुक्काम स्पेसबारशेजारी, मॅक.

विषय: सेवाज्येष्ठता डावलून अंगठ्याला बढती दिल्याबाबत.

महोदय,

विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, हे आपल्या कानावर आलेच असेल. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, प्रोसेसरही फार जुना चालत नाही. त्यामुळे धडधाकट संगणकांवरही घरी बसायची वेळ आली. ‘नवा घ्यायचाच आहे, तर मॅकच घेऊ या’ असे म्हणत जी मंडळी आपल्या दारात आली, त्यांपैकी एका गृहस्थांच्या डाव्या हाताची करंगळी ही सदर अर्जातील अर्जदार. कंट्रोल बटण दाबून धरणे हे तिचे काम, आणि ते तिने इमानेइतबारे केले. आता कॉपी-पेस्टचा सगळा कारभार आपल्याकडे, आणि आपल्याला दाबण्याचा मान अंगठ्याकडे. ज्याने जन्मभर स्पेसबार बडवण्यापलीकडे काही केले नाही, त्या अंगठ्याकडे!

मूळ हक्कदार आपणच, हे अर्जदाराला कबूल आहे. झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारी-शेजारी बसलेली चौकडी लॅरी टेस्लर यांनी ॲपलच्या लिसा संगणकासाठी नेमली. ते आधी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते. कट-पेस्टची आजची पद्धत तिथेच आकाराला आली. लिसा १९८३ साली बाजारात आला. विंडोजवर सुरुवातीला कॉपीसाठी कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टसाठी शिफ्ट-इन्सर्ट अशी कसरत होती (ती अजूनही चालते, शंका असल्यास करून पाहावी). पुढे विंडोजने हीच चौकडी उचलली. पण पीसीच्या कीबोर्डवर आपण नव्हतात, म्हणून काम कंट्रोलकडे आले. म्हणजे करंगळी ही बदली कामगारच. पण इतकी वर्षे राबलेल्या बदली कामगाराला काढताना निदान नोटीस तरी देतात.

आपल्या अंगावरच्या चार वेटोळ्यांच्या नक्षीचा खुलासाही कुणी करत नाही. तिथे आधी ॲपलचे सफरचंद होते. मेनूत जिकडेतिकडे सफरचंदेच दिसू लागल्यावर स्टीव्ह जॉब्ज वैतागले, तेव्हा सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून ही खूण हुडकून काढली. स्वीडनमध्ये ती प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर असते. गृहस्थ आपल्याकडे नुसतेच बघत बसतात, त्यात त्यांचा काय दोष?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. विंडोजच्या बहुतेक कीबोर्डांवर डावीकडचा खालचा कोपरा कंट्रोलचा. अलीकडच्या मॅकबुकवर त्या कोपऱ्यात पृथ्वीगोलाचे चित्र असलेले एफएन बटण बसवले आहे. करंगळी डोळे झाकून कोपऱ्यात जाते, गृहस्थ सी दाबतात आणि मजकूर कॉपी होण्याऐवजी कंट्रोल सेंटर उघडते. ई दाबला तर इमोजींची जत्रा भरते. चडफडत ते खरे कंट्रोल शोधतात. ते शेजारीच सापडते, आणि तिथे वेगळाच घोळ. टेक्स्टएडिटमध्ये सगळा मजकूर निवडायला कंट्रोल-ए दाबावे, तर कर्सर परिच्छेदाच्या सुरुवातीला जाऊन उभा राहतो. प्रिंटसाठी कंट्रोल-पी दाबावे, तर कागद येत नाही, कर्सर एक ओळ वर चढतो. कंट्रोल-एफने शोध लागत नाही, एक अक्षर पुढे सरकता येते. आणि चुकून कंट्रोल-के दाबला गेला की कर्सरपुढचा परिच्छेद गायब.

हा बिघाड नव्हे. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये जन्मलेल्या ईमॅक्स नावाच्या एडिटरच्या या सवयी. त्या मॅकने निष्ठेने जपून ठेवल्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन प्रोग्रॅमरांच्या सवयींना इतका मान आणि कालच्या गिऱ्हाइकाच्या सवयींना शून्य, हा कुठला न्याय?

मराठीची तऱ्हा तर विचारूच नका. विंडोजवर विंडोज बटण आणि स्पेस दाबले की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. त्याच भरवशावर आपल्याला आणि स्पेसला एकत्र दाबले, तर स्पॉटलाइटची शोधपट्टी समोर येऊन ‘काय हवंय?’ अशा थाटात उभी राहते. भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस लागते, नाहीतर तो कोपऱ्यातला पृथ्वीगोल. म्हणजे मराठी लिहायची वेळ आली की पुन्हा करंगळीच! इंग्रजीची वतनदारी अंगठ्याला, मराठीची हमाली अर्जदाराला.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. फाइल उघडायला एंटर मारला की नाव बदलायची चौकट येते. लाल ठिपका दाबून खिडकी बंद केली तरी ॲप बहुधा डॉकमध्ये चालूच राहते. खालच्या बारीक टिंबावरून ते ओळखायचे. विंडोजवर वापरलेली एनटीएफएस पद्धतीची हार्डडिस्क जोडली तर लग्नाचे फोटो दिसतात, पण त्यात एकही नवा फोटो टाकता येत नाही. यात करंगळीचा संबंध नाही, पण घरातल्या आरडाओरड्याने तिचीही झोपमोड होते.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘मॉडिफायर कीज’ म्हणून एक खिडकी आहे, तिथे आपली आणि कंट्रोलची अदलाबदल करता येते, असे गृहस्थांच्या भाच्याने सुचवले. अर्जदाराच्या आशा पालवल्या. परंतु गृहस्थ म्हणाले, ‘नको रे, आता अंगठ्याला सवय होत आलीय.’ खरेच होत आली आहे. ऑफिसात मात्र अजून विंडोजच आहे. तिथे अंगठा आपल्याला शोधत स्पेसबारशेजारी जातो आणि ऑल्टवर पडतो. परवा त्यांनी अहवालात एक आकडा शोधायला वर्डमध्ये असेच एफ दाबले, तर फाइलचे पान उघडले. प्रिंट काढायला पी दाबले, तर लेआउट. त्या दिवशी दोन्ही हातांची दहा बोटे एकमेकांकडे संशयाने पाहत होती.

तरी मेहेरबानांनी एकतर ऑफिसातही रुजू व्हावे, नाहीतर अंगठ्याची घरची बढती रद्द करून अर्जदारास मूळ जागी घ्यावे, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
डावी करंगळी

प्रत माहितीसाठी: ऑप्शन बटण (पूर्वाश्रमीचे ऑल्ट).